हृदय-संशोधनाच्या प्रयोगशाळेत नेमकं कोण काय करतं? (जेआरएफ की तंत्रज्ञ?)

पश्चिमघाट

नमस्कार मंडळी. एका विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात हृदय-प्रयोगशाळेसाठी जागा निघाल्या आहेत. प्रकल्प तीन वर्षांचा. काम रॅटच्या बाहेर काढलेल्या हृदयावर, लँगेनडॉर्फ पद्धतीनं (महाधमनीतून द्रावण सोडून हृदय शरीराबाहेर चालू ठेवायचं). विषय असा: बंद पडलेला रक्तपुरवठा परत सुरू झाल्यावर हृदयाच्या स्नायूला जी इजा होते ती. पदं तीन आहेत: पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचा संशोधक), जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), प्रयोगशाळा तंत्रज्ञ. एम.एस्सी. असल्यामुळे शेवटच्या दोन्हींना अर्ज करता येतो.

जाहिरातीत कामाचं वर्णन ‘प्रकल्पाच्या गरजेनुसार’ एवढंच आहे. प्रत्यक्षात कुणाच्या वाट्याला काय येतं? हाताला आधी काय जमायला हवं? मुलाखतीत आपण उलट काय विचारावं? पुढेमागे परदेशात तंत्रज्ञ म्हणून जायचं झालं तर तिथली पद्धत कशी असते तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

बेसलाइन

पदांची नावं बाजूला ठेवा. प्रयोगाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे वाटण्या आपोआप दिसतील.

सकाळी साडेआठला तंत्रज्ञ वॉटर बाथ सुरू करतो, रिगच्या (हृदय टांगायच्या मांडणीच्या) नळ्यांतून गरम डिस्टिल्ड पाणी सोडतो, बफर (रक्ताऐवजी हृदयाला द्यायचं क्षारांचं द्रावण) करून त्यात कार्बोजेन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) सोडून ठेवतो. बाथ ३७ अंशांवर लावून भागत नाही. नळीतून येता येता उष्णता जाते, त्यामुळे बाथ ३८-३९ वर आणि तापमापीचं टोक हृदय जिथं लटकणार तिथं. तिथं ३७ दिसलं पाहिजे.

तोवर जेआरएफ प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं साधन) जुळवतो. पाऱ्याच्या मॅनोमीटरला जोडून ० आणि १०० मिमी असे दोन बिंदू घ्यायचे, आणि शून्य घेताना ट्रान्सड्यूसर हृदयाच्या उंचीवर हवा. मग डाव्या जवनिकेत घालायचा फुगा. क्लिंग फिल्मचा चौकोनी तुकडा बारीक नळीच्या टोकावर बांधून, पाणी भरून. त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दाबाच्या लाटा बोथट होतात, आणि हृदय दुबळं आहे असा समज होतो. फुगा जवनिकेपेक्षा मोठा आणि सैल असावा, नाहीतर आपण प्लॅस्टिकचा ताण मोजत बसतो.

मग २५० ते ३०० ग्रॅमचा रॅट येतो. भूल आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिल्यावर हृदय काढून बर्फात थंड केलेल्या बफरमध्ये टाकलं की घड्याळ सुरू. तिथपासून बफर सुरू होईपर्यंत ३ मिनिटांच्या वर गेलं तर ते हृदय बाद धरायचं.

ही तीन मिनिटं म्हणजे या कामाचा गाभा आहे. महाधमनीची कड दोन बारीक चिमट्यांनी समोरासमोर धरायची. ती भिजलेल्या कागदासारखी असते, जोर केला की फाटते. कॅन्युलातून (महाधमनीत बसवायच्या बारीक नळीतून) बफरचे थेंब चालू ठेवायचे, म्हणजे हवा आत जात नाही. कड टोकावर ओढून घेतली की दुसऱ्या माणसानं रेशमी दोऱ्याची गाठ मारायची. टोक झडपेच्या वर थांबलं पाहिजे. खोल गेलं तर कोरोनरी धमन्यांची तोंडं झाकली जातात किंवा झडप ओलांडून बफर थेट जवनिकेत शिरतो. जमलं असेल तर हृदयाचा लाल रंग सेकंदांत उतरतो आणि ठोके सुरू होतात. चिमटे एकाचे, गाठ दुसऱ्याची, म्हणून हे दोघांचं काम. पोस्टडॉक आणि जेआरएफ, किंवा जेआरएफ आणि तंत्रज्ञ. जोडी रोज बदलली की वेळ वाढतो.

पुढे २० मिनिटं स्थिरावणं, ३० मिनिटं प्रवाह बंद, १२० मिनिटं परत सुरू. त्यानंतर हृदय थोडा वेळ गोठवून २ मिमीच्या चकत्या करायच्या आणि टीटीसी नावाच्या रसायनाच्या १ टक्का द्रावणात ३७ अंशांवर १५ मिनिटं ठेवायच्या. जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिका राहतो. धुणं-पुसणं धरून एका रिगवर दिवसाला दोन हृदयं झाली म्हणजे दिवस चांगला गेला.

यात पोस्टडॉक कुठं? कोणत्या हृदयाला औषध आणि कोणत्याला नुसतं द्रावण याची सरमिसळ यादी त्याच्याकडे असते, आणि ती बाकीच्यांना दिसता कामा नये. प्रमुख संशोधक रिगजवळ क्वचितच असतात. निधी, मंजुऱ्या, सह्या, शोधनिबंध यांत त्यांचा दिवस जातो. त्यात गैर काही नाही, पण कॅन्युला शिकवणार कोण, हे त्यामुळे आधीच विचारून ठेवावं लागतं.

जलतरंग

बेसलाइन यांनी ‘बफर करून’ एवढ्यात उरकलं! बिघाड तिथंच शिजतो, म्हणून जरा सविस्तर.

क्रेब्ज-हेन्सेलाइट बफर, १ लिटरला: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.३०, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.०. हे सगळं विरघळल्यावर १०-१५ मिनिटं कार्बोजेन, आणि त्यानंतरच कॅल्शियम. क्रम चुकवून कॅल्शियम आधी टाकलं तर सामू अजून चढा असतो आणि कॅल्शियम कार्बोनेट-फॉस्फेटचा साका धरतो. दुधट झाक दिसली की ओतून द्या. गाळून वापरू नका, कारण किती कॅल्शियम खाली बसलं ते कळायला मार्ग नाही.

कॅल्शियम क्लोराइडची पूड रोज तोलू नये. ती हवेतलं पाणी ओढते. कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात बाटली चार वेळा उघडली की तोललेल्या ग्रॅममध्ये पाण्याचाच वाटा जास्त. ताज्या बाटलीतून एकदाच १ मोलरचं द्रावण करून ठेवा आणि लिटरला १.८ मिलि घाला, म्हणजे १.८ मिलिमोलर. मूळ पाककृतीत २.५ आहे, पण रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना वगैरे बांधलेलं असतं आणि बफरमध्ये प्रथिनं नसतात. म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा कमी घेतात. तुमच्याकडे कोणता आकडा चालतो तो वहीत लिहिलेला असला पाहिजे. दोन विद्यार्थी दोन आकडे वापरत असतील तर त्यांची हृदयं एका आलेखात घालता येत नाहीत.

सामू ७.४, पण तो ३७ अंशांवर आणि कार्बोजेन चालू असतानाच मोजायचा. थंड, वायू न सोडलेल्या बफरचा सामू चढा दिसतो म्हणून नवशिके आम्ल टाकतात, आणि मग वायू सोडला की तो नको तितका खाली येतो. पुरवठादारानं कार्बोजेनऐवजी नुसता ऑक्सिजन आणून ठेवला तर उलटं होतं: बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढत राहतो आणि हृदय बिनसतं. सिलिंडरचा रंग बघून जोडू नका, मिश्रणाचं प्रमाणपत्र वाचा. दाब रोज सकाळी वहीत लिहायचा. भरलेला साधारण १५० बार असतो, ५० च्या आसपास आला की दुसरा मागवायचा.

किती बफर? प्रवाह मिनिटाला १५ मिलि धरला तर, बंद असलेली ३० मिनिटं वगळून, १४० मिनिटांत २.१ लिटर. दोन हृदयं, नळ्या भरणं आणि सांडलवंड धरून ६ लिटर करा. ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून घ्या, कारण एखादा तंतू केशवाहिनीत अडकला तरी प्रवाह उतरतो. उरलेला बफर उद्यासाठी ठेवायचा नाही. त्यात ग्लुकोज आहे, रात्रीतून जिवाणू वाढतात.

जिवाणूंवरून आठवलं. आठवडाभर छान चाललेली रिग एकाएकी वाईट हृदयं देऊ लागली तर रॅटला दोष देण्याआधी नळ्या बघा. आतून बुळबुळीत थर असतो. रोज संध्याकाळी गरम डिस्टिल्ड पाणी, आठवड्यातून एकदा ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल (क्षार सुटतात), मग भरपूर पाणी. साबण नको, त्याचा अंश काचेला चिकटून राहतो. सिलिकॉनच्या नळ्यांतून वायू झिरपून जातात, त्यामुळे बफरच्या भांड्यापासून हृदयापर्यंतची नळी जितकी आखूड तितकी बरी, किंवा टायगॉनची (वायू कमी झिरपू देणाऱ्या प्लॅस्टिकची) घ्या.

हे सगळं तंत्रज्ञाच्या खात्यात. आणि भांड्याची उंचीसुद्धा. ८० मिमी पाऱ्याचा दाब हवा तर बफरची पातळी हृदयाच्या वर १०९ सेमी. कुणी छतावरचं काम करताना स्टँड दोन इंच हलवला तर दाब पावणेचार मिमीनं बदलतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पट्टीनं मोजा, भिंतीवर खूण करा.

एक माणूस कुणीच मोजत नाही: काचकाम करणारा. दुहेरी भिंतीची भांडी नि बुडबुडे अडवणारा फुगीर भाग फुटला की बाहेरून मागवायला महिने जातात. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात काचकामाचा कारागीर अजून असेल तर पहिल्या आठवड्यातच त्याची ओळख करून घ्या.

फॉर्म_बी

बेसलाइन यांच्या प्रतिसादात ‘मग रॅट येतो’ असं आहे. तो आपसूक येत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम लागू आहेत. प्रस्ताव फॉर्म बी मध्ये संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे जातो. या समितीत संस्थेतले वेगवेगळ्या शाखांचे शास्त्रज्ञ, प्राणिगृहाचे प्रमुख, पशुवैद्य, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरचा एक सदस्य आणि केंद्रीय समितीनं नेमलेला प्रतिनिधी असतात. ती केंद्रीय समिती म्हणजे पूर्वीची सीपीसीएसईए, आता सीसीएसईए.

प्रस्ताव अडतो तो बहुधा एकाच रकान्यात: प्राण्यांची संख्या. ‘गटात ८’ असं नुसतं लिहिलं की समिती परत पाठवते. आठच का, हे आकडेमोडीनं दाखवावं लागतं, आणि कॅन्युला बिघडून बाद होणारी हृदयं त्यात धरावी लागतात. शिकण्यासाठी लागणारे प्राणीही मंजूर संख्येतूनच जातात, हे प्रस्ताव लिहिताना विसरलं की सहा महिन्यांनी नव्या विद्यार्थ्याला सराव करायला प्राणी उरत नाही.

प्राणिगृहातले कर्मचारी या प्रयोगाचे भागीदार आहेत असं समजून वागा. खोलीचं तापमान, १२ तास उजेड-१२ तास अंधार, भुसा कधी बदलला, कोणता पिंजरा शेजारच्या बांधकामाच्या आवाजाखाली होता, हे त्यांना ठाऊक असतं. बाहेरून आलेल्या रॅटना निदान आठवडाभर स्थिरावू द्यावं लागतं. शुक्रवारी आले आणि सोमवारी प्रयोग, असं नियोजन पशुवैद्य मान्य करणार नाहीत, आणि करूही नये.

माणसाच्या हृदयाचा तुकडा वापरायचा असेल तर समिती वेगळी, मानवी संशोधनाची. बायपासच्या वेळी यंत्राची नळी उजव्या कर्णिकेत घालताना कर्णिकेच्या उपांगाचा छोटा तुकडा निघतो, तो एरवी टाकूनच दिला जातो. तो मिळवायचा तर रुग्णाची लेखी संमती आदल्या दिवशीच घेतलेली हवी, आणि शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी थंड द्रावणाची बाटली घेऊन कुणीतरी उभं हवं. ते ‘कुणीतरी’ म्हणजे जेआरएफ.

पश्चिमघाट

सगळ्यांचे आभार, इतकं तपशिलात कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन शंका. तंत्रज्ञ म्हणून रुजू झाल्यास शोधनिबंधात नाव येतं का? आणि कॅन्युला रॅटवर शिकण्याआधी सराव करायचा काही मार्ग आहे का? फॉर्म_बी यांचा मुद्दा वाचून विचारतेय.

टेम्सकाठ

ब्रिटनपुरतं सांगते. तिथं प्राण्यांवरच्या प्रयोगांचा १९८६ चा कायदा आहे आणि परवाने तीन पातळ्यांवर: संस्थेचा, प्रकल्पाचा आणि व्यक्तीचा. जिवंत प्राण्यावर नियंत्रित प्रक्रिया करणाऱ्या माणसाकडे स्वतःचा परवाना लागतो. तो प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर मिळतो, आणि त्या प्राण्याची पहिली जबाबदारी त्याच्यावर असते, प्राध्यापकावर नाही. म्हणून मुलाखतीत ‘परवाना आहे का, नसेल तर घ्यायची तयारी आहे का’ हा प्रश्न येतोच. तंत्रज्ञाचं पद तिकडे पीएच.डी.च्या वाटेवरचा थांबा मानत नाहीत. त्यात वीस-वीस वर्षं राहणारे लोक असतात आणि विद्यार्थ्यांना कॅन्युला शिकवतात तेच. २०१७ पासून विद्यापीठांचा ‘टेक्निशियन कमिटमेंट’ नावाचा करार आहे. तंत्रज्ञांचं काम दिसावं, त्यांची नोंद व्हावी, बढतीची वाट असावी, असं त्यात कबूल केलंय. सह्या पुष्कळ विद्यापीठांच्या आहेत. पाळतात किती, ते विभागानुसार.

पद्धतीच्या नावाबद्दल: लँगेनडॉर्फनं जर्मनीतल्या रोस्टॉकहून ही पद्धत १८९५ मध्ये छापली, पण बफरची गोष्ट त्याच्या आधीची, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातली. सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात चालवत होते आणि ते छान चालत होतं. मग कळलं की द्रावण डिस्टिल्ड पाण्याचं नव्हतंच, नळाच्या पाण्याचं होतं. डिस्टिल्ड पाण्यात केल्यावर हृदय मंदावलं, आणि नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हे कारण निघालं. १८८३ च्या निबंधात रिंगरनी आधीची चूक सरळ कबूल करून दुरुस्त केली. द्रावण कुणी, कोणत्या पाण्यात केलं याची नोंद का हवी, याला यापेक्षा वेगळा दाखला नको.

आजकाल बरीच नियतकालिकं लेखकांबरोबर ‘कुणी काय केलं’ याचा तक्ता मागतात. प्रयोग करणं, साधनं उभारणं, विदा तपासणं असे रकाने असतात. रुजू होतानाच विचारा की तंत्रज्ञानं केलेले प्रयोग या तक्त्यात जातात का. वर्षानं विचारलं तर अवघड होतं, आधी विचारलं तर साधा प्रश्न असतो.

बेसलाइन

सरावाबद्दल. पहिला टप्पा प्राण्याशिवाय होतो. ३ मिमी व्यासाची मऊ सिलिकॉन नळी पाण्यात बुडवून ठेवा, तिची कड दोन चिमट्यांनी धरून कॅन्युलावर चढवा आणि पाण्यातच गाठ मारा. गाठ ९० सेकंदांत दहापैकी दहा वेळा बसेपर्यंत पुढे जायचं नाही. दुसरा टप्पा म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या मंजूर प्रयोगासाठी संपवलेल्या रॅटचं हृदय. ते धडधडणार नाही, पण महाधमनी किती लांब ठेवून कापायची आणि कुठं फाटते ते हाताला कळतं. प्राणिगृहाशी बोलून ठेवलं तर अशी हृदयं मिळतात; समितीला कळवायला मात्र हवं.

हृदय लागल्यावर काय बिघडलंय हे प्रवाहावरून ओळखायला शिका. प्रवाह एकदम जास्त: महाधमनी फाटली आहे किंवा टोक झडपेपलीकडे आहे. फार कमी: हवा शिरली, किंवा कॅन्युलानं कोरोनरीचं तोंड झाकलं. सुरुवातीला ठीक आणि हळूहळू कमी: बफर किंवा नळ्या, म्हणजे जलतरंग यांचं खातं. दाबाचा खालचा आकडा हळूहळू वर सरकतोय आणि ठोके मात्र ठीक: आधी ट्रान्सड्यूसर खाली घसरलाय का ते बघा.

आणखी एक सापळा आहे, तो तज्ज्ञांनाही फसवतो. प्रवाह बंद असतानाच्या ३० मिनिटांत हृदयाला आतून ऊब देणारा बफर नसतो. ते उघड्यावर लटकत राहिलं तर दोन-तीन अंशांनी थंड होतं, आणि थंड हृदयाला इजा कमी होते. टीटीसीत मेलेला भाग लहान दिसतो, औषध लागू पडलं असं वाटतं आणि प्रत्यक्षात एसी जास्त होता! त्या वेळात हृदय ३७ अंशांच्या बफरने भरलेल्या दुहेरी भिंतीच्या कपात बुडलेलं हवं, आणि तापमान दर पाच मिनिटांनी लिहिलेलं.

मुलाखतीत विचारायचे प्रश्न: हृदय बाद करण्याचे निकष लेखी आहेत का? चकत्यांवरचा मेलेला भाग मोजणाऱ्याला गट माहीत असतो का? मागच्या वर्षी किती हृदयं लावली आणि किती बाद केली? शेवटच्या प्रश्नाला ‘एकही बाद नाही’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या जागेचा विचार करा.

जलतरंग

थोडं पैशाचं, कारण ते कुणी लिहिलं नाही. केंद्रीय निधीच्या प्रकल्पात नेट किंवा गेट असेल तर जेआरएफला २०२३ च्या जानेवारीपासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. दोन वर्षांनी आढावा होऊन एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) म्हणून ४२,०००. तंत्रज्ञाचं मानधन निधी देणाऱ्या संस्थेवर अवलंबून, आणि कमी. जेआरएफ म्हणून पीएच.डी.ची नोंदणी त्याच प्रकल्पावर करता येईल का, आणि तीन वर्षांनी निधी संपल्यावर रिग कुणाच्या ताब्यात राहील, हे दोन्ही विचारा.

मार्चमधे रिग बंद ठेवायची तयारीही ठेवा. ३१ मार्चपर्यंतच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरची खरेदी अडकलेली असते आणि ऐन वेळी कार्बोजेनचं बिल पास होत नाही. म्हणून लांबचे प्रयोग फेब्रुवारीत संपवायचे, मार्चमधे चकत्यांचे फोटो मोजत बसायचं. टीटीसीची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, उजेडानं खराब होते. फोटो काढताना चकतीशेजारी मिमीची पट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर मोजताना मापाला आधार राहत नाही.